खोडा आणि फुलांचं दुकान



फाउंटनच्या फुटपाथवर आपल्या पोरी सध्या काय विकत घेतात ते बघा. कॉलीन हूवर या अमेरिकन बाईची 'इट एंड्स विथ अस'. कादंबरी २०१६ सालची, २०२४ साली सिनेमाही आला. साहित्यातले शहाणे नाक मुरडतात, म्हणतात बाजारू माल. असेल. पण लाखो बाया मार खाणाऱ्या बाईची गोष्ट पैसे मोजून वाचतात, त्या काय येड्या आहेत? म्हणून आम्ही ती वाचली. मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी उशाला घेऊन, गोदीतली पाळी संपल्यावर.

लिली बोस्टनमध्ये फुलांचं दुकान चालवते. नवरा राइल, मेंदूचा सर्जन. देखणा, शिकलेला, बायकोवर जीव टाकणारा. आणि मारतो. मारून झाल्यावर रडतो. लिलीनं लहानपणी बापाला आईवर हात टाकताना बघितलेलं, आई त्याला सोडत का नाय म्हणून तिच्यावरच संतापलेली. आता तीच माफ करत जाते. मुलगी जन्मल्यावर मात्र घटस्फोट मागते.

हूवरबाईचं इथं मानलं पाहिजे. स्वतःच्या आईनं बापाला सोडलं, त्यातून हे आलंय असं तिनं पुस्तकाच्या शेवटी सांगितलंय. आमच्या वस्तीत हमाल बायको बडवतो तेव्हा आपण म्हणतो, दारू मारते, गरिबी मारते, साहेबाचा राग बायकोवर निघतो. मग हा सर्जन कशानं मारतो? त्याला कुठली उपासमार? कादंबरी त्याच्या बालपणीचं दुःख पुढे करते. दुःख कुणाला नाय रे बाबा!

पण दार उघडून लिली जाते कुठं, इथं गोष्ट फार सोपी होते. दुकान स्वतःचं. जुना प्रियकर अ‍ॅटलस, तोही हॉटेलमालक, घर उघडून उभा. जानेवारी २०२३ मध्ये तर या कादंबरीवर चित्रं रंगवायची वही काढायचं ठरलं होतं. बायकोच्या माराची गोष्ट, घ्या खडू, भरा रंग! वाचकांनी बोंब मारली तेव्हा रद्द केली.

आमच्याकडे बाईनं दार उघडलं की काय व्हायचं ते बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) लिहून ठेवलंय. सासुरवासाला कंटाळून पोर माहेरी पळाली की बापभावांनीच बडवून परत आणायची. मग पायात खोडा. लाकडाचा ओंडका, भोकात पाय, वर लोखंडी दांडी. तो रक्ताळला पाय ओढत तिनं घरचं काम करायचं. हे लिहिणाऱ्या बेबीताईंनी स्वतःचं लिखाण वीस वर्षं नवऱ्यापासून लपवलं. मोर्चाला बायको, सभेला बायको, आणि वहीला घरात जागा नाय. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आलं. प्रेमविवाहच होता तो, नवरा चळवळीतला कवी. तेव्हा बोस्टनच्या सर्जनकडे बोट दाखवून आपण सुटत नाय.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषदेत पोरींना सांगितलं होतं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम होऊ नका. भाषणाला टाळ्या आपणही वाजवतो. खोलीचं बोला.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, कलम १७, खोली कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्यालाच बाहेर काढू शकतो. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची खोली नवराबायको दोघांच्या नावावर करायची असा नियम आहे. आपल्यातल्या किती जणांनी बायकोला तो कागद दाखवला?

पुढच्या अंकासाठी बायांनी लिहावं. शुद्धलेखनाची फिकीर नको, नाव नको असेल तर छापणार नाय. पुरुषांनी एवढंच कळवावं : खोलीच्या कागदावर कुणाकुणाचं नाव आहे, आणि तो कागद कुणाच्या कुलपात आहे.