पहिले भाषण लिहून देणारा हात

‘आता माझ्याच्याने व्हायचे नाही.’ आपल्या घरातील ज्येष्ठांच्या तोंडून हे वाक्य प्रथम केव्हा आले, हे वाचकांनी जरा आठवून पाहावे. बहुधा ते न्हाणीघरात पाय घसरल्यानंतर, एखाद्या शस्त्रक्रियेनंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर आलेले असते. शुश्रूषा करणाऱ्याच्या मनातही असेच एक वाक्य असते. इन्सुलिनची सुई पहिल्यांदा हातात घेताना सून किंवा मुलगा स्वतःलाच विचारतो, ‘मला हे जमेल ना?’ या दोन्ही शंकांवरचा उतारा एकच आहे, आणि त्याचे एक सुंदर उदाहरण आपल्या नाशिकातच घडलेले आहे.

1873 साली विवाह होऊन रमाबाई न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या, तेव्हा त्या काळाच्या रीतीने त्यांचे वय अवघे 11 वर्षांचे होते. त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना शिकवायला घेतले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. दिवसा टोमणे आणि रात्री धडे, असा तो संसार होता. अशा मुलीच्या मनात ‘हे आपले काम नव्हे’ हा विचार किती खोल रुजत असेल, याची कल्पना सहज करता येते.

पुढे 1878 च्या सुमारास रानड्यांची बदली नाशिकला झाली. येथील हायस्कुलातील समारंभात रमाबाईंनी आपले पहिले जाहीर भाषण केले. स्त्रियांनी चारचौघांत बोलावे, ही गोष्टच तेव्हा नवलाची होती. ते भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. मात्र ते वाचले रमाबाईंनी. पुढे त्या मराठीत आणि इंग्रजीतही प्रभावी बोलू लागल्या. 1910 साली त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाल्या. आज ते पुस्तक मराठी आत्मचरित्रांत मानाचे गणले जाते.

येथे रानड्यांनी नेमके काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ‘घाबरू नकोस’ एवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि तिच्याऐवजी स्वतः बोलायला उभेही राहिले नाहीत. कामाचा अवघड भाग त्यांनी उचलला आणि पेलेल तेवढा तिच्याकडे ठेवला.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली ‘मला हे जमेल’ या विश्वासाची चार उगमस्थाने सांगितली: स्वतः केलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासू माणसाचे शब्द आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सर्वांत बळकट पहिले. नुसत्या शब्दांचा जोर लवकर ओसरतो. स्वतः चाललेली चार पावले मनात टिकतात.

पडलेल्या वृद्धाच्या बाबतीत आपण नेमके उलट वागतो. प्रेमापोटी पाण्याचा पेलाही हातात देतो, ‘उठू नका, मी आणते’ म्हणतो. पडण्याच्या भीतीने चालणे कमी होते, त्यामुळे स्नायू दुबळे होतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. भीती अशा रीतीने स्वतःला खरे करून दाखवते.

म्हणून आधी डॉक्टरांकडून पडण्याचे कारण शोधून घ्यावे. उभे राहताच रक्तदाब उतरणे, दृष्टिदोष, औषधांमुळे येणारी चक्कर अशी कारणे असू शकतात. त्यांनी परवानगी दिल्यावर एकच लहान काम निवडावे. ‘आज गॅलरीपर्यंत जाऊ, मी शेजारी आहे’ असे म्हणावे. उठण्यापूर्वी मिनिटभर खाटेच्या कडेला बसू द्यावे. आरंभी हात धरावा. पाऊल स्थिर झाल्यावर नुसते बरोबर चालावे. पुढे दारात उभे राहून पाहावे. आधार कोणत्या क्रमाने कमी करायचा, हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे. कौतुक करताना ‘वा, छान’ म्हणण्याऐवजी ‘काल पाच पायऱ्या, आज सात’ असे मोजून सांगावे. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी काठी टेकत येणारे समवयस्क दिसतात; जमू लागल्यावर तेथे नेऊन बाकावर बसवले, तरी बरेच साधते.

शुश्रूषा करणाऱ्यांनाही हीच रीत लागू आहे. परिचारिकेला ‘तुम्ही करून दाखवा’ म्हणावे. दुसऱ्या वेळी तिच्या देखत स्वतः करावे. आणि मगच एकट्याने करावे. शंका विचारण्यात कमीपणा नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन आठवडे उलटूनही खिन्नता ओसरत नसेल, झोप वा भूक हरपली असेल, आवडत्या गोष्टींतही मन रमत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. तेथे केवळ धीर पुरत नाही. वैद्यकीय उपचार हवेत. जगणे नको, असे उद्गार कानी आल्यास तर एक दिवसही थांबू नये.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे निवर्तले. चाळिशीच्या उंबरठ्यावरील रमाबाई काही काळ एकांतात राहिल्या. नंतर त्या बाहेर पडल्या त्या कारागृहातील स्त्रियांना आणि इस्पितळातील रुग्णांना भेटण्यासाठी. 1904 साली मुंबईतील भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि तेथे घराबाहेर पडायला बिचकणाऱ्या स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. आता भाषण लिहून द्यायला मागे कोणी नव्हते, आणि त्याची गरजही उरली नव्हती.

येत्या पंधरवड्यात आपण आपल्या माणसासाठी करत असलेले एखादे काम शोधावे, त्याचा एक लहानसा भाग त्याच्या हाती परत द्यावा आणि शेजारी बसून राहावे. वेळ लागेल, लागू द्यावा.