"थोडासाच करंट मारते" म्हणे!

कुहीकरांनो, ऊन तापलं की घराघरांत एक वाक्य ऐकू येते. "कूलरच्या बॉडीला हात नको लावू, थोडासाच करंट मारते." काहून सांभाळून घेतो आपण हा करंट?

मागच्या आठवड्यात माझी पोरगी ओल्या पायानं कूलरजवळ गेली अन् झटका लागून मागे फेकली गेली. वाचली. मग मी बोर्ड उघडला. सॉकेटला तीन छिद्रं, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नाही! मीटर घेताना टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का होता, अर्थिंगचा खड्डा मात्र कोणी खोदलाच नव्हता. दोष माझाही आहे. टाइल्स निवडायला तीन दुकानं फिरलो, अर्थिंगचं एकदाही विचारलं नाही.

कोणी म्हणेल, "एमसीबी आहे ना भाऊ!" ऐका. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला १०० मिलिअँपिअरही पुरतात. तेवढ्यानं एमसीबी पडत नाही. ती वायर वाचवते, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, अन् ती कूलरपेक्षा स्वस्त येते.

काही मिस्त्री तर अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडून देतात. न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कूलरच्या पत्र्यावर! याला जुगाड म्हणू नका, हा सापळा आहे.

ज्यांच्याकडे अर्थिंग आहे त्यांनीही खुश होऊ नये. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो अन् अर्थिंग कमजोर होते. नेमकं तेव्हाच कूलर रात्रंदिवस चालतात. खड्ड्यात पाणी टाका.

महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबाबत सूचना देते. सूचना बरोबरच आहेत. पण जोडणी देताना खड्डा कोण पाहते? दोन पिनचा लोखंडी कूलर विकणाऱ्याला कोण विचारते? अन् नगरपंचायतीला माझा थेट सवाल: आपल्या शाळा-अंगणवाड्यांची अर्थिंग शेवटची कधी तपासली? तारीख सांगा.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात अन् आपण "नशीब" म्हणून मोकळे होतो. नशीब नाही बाप्पा, न जोडलेली एक वायर आहे ती.

आज पाणी भरण्याआधी बटण बंद करा, पिन काढा. अन् उद्या मिस्त्रीला बोलवा.