‘ईसीजी नॉर्मल’च्या पुढे काय?



छातीत धडधड, घशाला कोरड, हातापायांना मुंग्या आणि ‘आता मी काही वाचत नाही’ अशी खात्री. अशा माणसाला घरचे रात्री गाडी करून चिपळूणला नेतात. ईसीजी नॉर्मल येतो. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून गॅसच्या गोळ्या देतात. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग कुणी नजर काढतं, कुणी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगतं. आमच्या हेदवी परिसरात यात नवल राहिलेलं नाही.

माझा आक्षेप ‘काही झालेलं नाही’ याला आहे. झालेलं असतं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. संकट नसताना शरीर संकटाच्या तयारीला लागतं. अॅड्रिनलिन वाढतं, श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि चक्कर त्यामुळेच. साधारण दहा मिनिटांत त्रास टोकाला जातो आणि मग ओसरतो. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी हवीच. पण ती चांगली आली, तर मनाचे उपचार तिथून सुरू व्हायला हवेत.

कारण खरं नुकसान पुढे होतं. एसटीत त्रास झालेली बाई आधी एसटी सोडते, मग बाजार, मग लग्नकार्यं. टाळाटाळीनं भीती पोसते. सीबीटी (विचार-वर्तन उपचारपद्धती) या उपचारात याच्या उलट करतात. आमच्या दशभुजा गणेश मंदिराचा चढ चढताना धाप लागते, तिला आपण भीत नाही. तशीच धडधड तज्ज्ञ मुद्दाम, थोडी थोडी अनुभवायला लावतात. गरज पडल्यास औषधं देतात. बहुतेकांना चांगला गुण येतो.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. पण त्याचं नाव काढलं की लोक हसतात. शिवाय तवसाळची फेरीबोट गाठून जयगडमार्गे जायचं म्हणजे दिवस मोडतो. ज्याला प्रवासाचीच धास्ती, त्यानं उपचारासाठी एवढा प्रवास करायचा?

त्यापेक्षा ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. ईसीजी नॉर्मल आलेल्या अशा प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी आजाराचं नाव आणि हा क्रमांक लिहावा. आशाताईंनी महिन्याभरात घरी चौकशी करावी. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला कधी येणार, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहायला नको. १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनी भाषणं जरूर व्हावीत, पण आधी एवढं करा.

– एक वाचक, हेदवी (ता. गुहागर, जि. रत्नागिरी)