चौदा महिने खासदाराविना

लोकसभेची वा विधानसभेची जागा रिकामी झाल्यास सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक झाली पाहिजे, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १५१-अ सांगते. अपवाद दोनच आहेत: सदस्याची उरलेली मुदत वर्षाहून कमी असणे, किंवा एवढ्या काळात निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित करणे. महाराष्ट्रातले अलीकडचे खटले या दोन अपवादांवरच लढले गेले.

पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. लोकसभेची मुदत जून २०२४ च्या मध्यापर्यंत होती, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक. तरी आयोगाने पोटनिवडणूक टाळली. यंत्रणा इतर निवडणुकांत व २०२४ च्या तयारीत गुंतली आहे आणि नव्या खासदाराला फार थोडा काळ मिळेल, ही कारणे देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी ती अमान्य करून तातडीने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुणेकरांना सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदार मिळालाच नाही. खासदार बाळू धानोरकर यांच्या निधनानंतर चंद्रपूरकरांचेही तेच झाले.

अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले. तिथे मात्र आयोगाने २६ एप्रिल २०२४ ही मतदानाची तारीख जाहीर केली. निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती निवडणूक रद्द केली. वर्ष जागा रिकामी झाल्या दिवसापासून मोजायचे की निकालाच्या दिवसापासून, हा खरा प्रश्न आहे. निकालापासून मोजले तर आयोग जितका उशीर करील तितकी त्याची जबाबदारी हलकी होईल. हे मतदारासाठी अन्यायकारक आहे.

जागा रिकामी राहिली तर काय होईल, हे आमच्या भागावरून समजते. शहापूर आणि मुरबाड हे भिवंडी लोकसभा मतदारसंघातले तालुके. शहापूरमधली भातसा आणि तानसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात आणि शहापूरचेच आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी जुनी आहे. रेल्वेचा निर्णय दिल्लीत होतो, त्यामुळे तिथे बोलणारा माणूस नसला तर इथल्या प्रश्नाला वालीच उरत नाही. शेजारच्या पालघरचे खासदार चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ रोजी निधन झाले आणि २८ मे रोजी पोटनिवडणुकीचे मतदान झाले. तिथे चार महिन्यांत जे जमले, ते पुण्यात चौदा महिन्यांत न जमण्याचे सबळ कारण आयोगाला दाखवता आलेले नाही.

उरलेली मुदत जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासूनच मोजावी, आणि यंत्रणेची व्यग्रता हे अडचणीचे कारण धरू नये, अशी स्पष्ट दुरुस्ती संसदेने कलम १५१-अ मध्ये करावी. भिवंडीच्या खासदारांनी ही मागणी लोकसभेत मांडावी.