वास येतोय? मग ते अजून खत झालेले नाही

अहेरीसारख्या लहान गावांत शौचालयाची सारी भिस्त सेप्टिक टँकवर असते. टाकी भरली की टँकर बोलावतात, पण उपसलेला मैला पुढे कुठे जातो हे फारसे कोणी विचारत नाही. तो नाल्यात किंवा कुणाच्या बांधीत ओतला, तर पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरायला वेळ लागत नाही.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये मैला व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण आणले. वाई आणि सिन्नर या शहरांनी दर तीन वर्षांनी घरोघरची टाकी उपसण्याचे वेळापत्रक लावले. आता लहान शहरांतही मैला सुकवून त्याचे कंपोस्ट करण्याचा विचार होतो. पण जागा ठरली की शेजारचे लोक म्हणतात, वास येईल, माशा होतील. त्यावर उत्तर मिळते, फवारणी करू. लोकांची भीती खरी आहे, उत्तर मात्र चुकीचे आहे. तापाचे कारण न शोधता नुसती पॅरासिटामॉलची गोळी द्यावी, तसे ते आहे.

कंपोस्टच्या ढिगात काम करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. टाकीतला मैला म्हणजे जवळपास सगळे पाणीच. तो न सुकवता रचला तर ढिगात हवा शिरत नाही. मग हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नत्र जास्त आणि कार्बन कमी असेल तर डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटतो. ढीग नीट हवेशीर असेल तर आतले तापमान ५५ अंशांपुढे जाते. एवढ्या उष्णतेत माशीची अंडी आणि अळ्या टिकत नाहीत, रोगजंतूही मरतात. म्हणजे वास आणि माशा दिसल्या तर ढीग तापलेला नाही, आणि ते खत शेतात टाकण्याजोगे नाही. जंताची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि धानाच्या बांधीत आपण अनवाणी उतरतो.

माशांचा प्रश्न किळसेपुरता नाही. मैल्यावर बसलेली माशी पायांवरून आणि पोटातून आमांश, हगवणीचे जंतू ताटापर्यंत आणते. पाकिस्तानातील खेड्यांत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माशा आटोक्यात आणल्यावर मुलांमधील अतिसार सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाला. तिथे फवारणीच केली होती, त्यामुळे तिचा उपयोग नाही असे नाही. पण ढीग ओलाच राहिला तर उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांत माशांची नवी पिढी उडते, आणि सततच्या फवारणीने माशा औषधाला दाद देईनाशा होतात.

खरा उपाय कामाच्या पद्धतीत आहे. मैला आधी वाफ्यांवर सुकवायचा. मग त्यात कोरडा, कार्बनयुक्त माल मिसळायचा. आपल्याकडे धानाची तणस आणि लाकडाचा भुसा त्यासाठी आहेच. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाणी गळू नये. अळीला वाढायला उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून दोनदा ढीग उलथून बाहेरचा थर आत घालायचा. अळ्या कोष करायला कडेच्या कोरड्या मातीत जातात, म्हणून खाली पक्का ओटा हवा आणि कडा रोज झाडलेल्या हव्यात. आपल्याकडच्या पावसात छप्पर नसेल तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत उघड्यावर रचलेल्या अशा ढिगासाठी ५५ अंश तापमान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथणे, अशी अट आहे. तापमान मोजायला एक लांब दांड्याचा थर्मामीटर आणि एक वही पुरते.

कामगारांचाही विचार हवा. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो; तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून साफसफाई करणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे.

म्हणून नगरपंचायतीत असा प्रस्ताव आला तर सरसकट विरोध करू नका. छप्पर आहे का, तणस कोण पुरवणार, ढीग कोण आणि कधी उलथणार, तापमानाची वही कुणालाही पाहता येईल का, हे विचारा आणि कंत्राटात लिहून घ्या. प्रकल्प अडवला तरी टाक्या भरायच्या थांबत नाहीत. तो मैला मग रात्रीच्या अंधारात नाल्यात जातो, आणि पावसाळ्यात त्याचे रुग्ण आमच्या वॉर्डात येतात.