जाहिरात घरी, ‘अंतरा’ची तारीख उसाच्या फडात!

शिरूर कासार (जि. बीड) : दिवाळीच्या आसपास तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दोन मुलांत अंतर ठेवू पाहणाऱ्या आईचे गणित याच काळात चुकू शकते.

अडचण काय?
सरकारने २०१७ मध्ये आणलेले ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पण ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. म्हणजे हंगामात किमान एक डोस फडावर असतानाच येतो. जाहिरात सांगते, आशाताईंना भेटा. ओळखीच्या आशाताई मात्र गावातच राहिलेल्या असतात.

पुरुषांचे काय?
कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत दाखवू नका, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये टीव्ही वाहिन्यांना सांगितले. पहाटे कोयता घेऊन निघणारा गडी रात्री १० नंतर टीव्ही कुठे पाहणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात कुटुंब नियोजनासाठी ३७.९ टक्के विवाहित महिला स्वतःच्या नसबंदीवर अवलंबून आहेत. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. भार कोणावर आहे, हे स्पष्टच आहे.

मग उपाय?
नुसत्या प्रचाराने भागणार नाही. टोळी निघण्याआधी बाईच्या हातात पुढच्या डोसची तारीख आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता हवा. फोन अनेकदा नवऱ्याकडे असतो. त्यामुळे मोबाइलवर आठवण पाठवायची तर तिला विचारूनच. माहिती तिच्यासोबत फडापर्यंत गेली, तरच जाहिरातीवरचा खर्च कामी येईल.