पुन्हां मत मागणाऱ्यांचा हिशेब

कोल्हापूर महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजीं झाली. तिच्या आधींची १ नोव्हेंबर २०१५ रोजीं झाली होती. त्या सभासदांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें सरली आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार सरकारनें नेमलेल्या प्रशासकाच्या हातीं राहिला. म्हणजे जे जुने नगरसेवक या खेपेस पुन्हां हात जोडून दारीं आले, ते दहा वर्षांपूर्वीं घेतलेल्या मताचा हिशेब घेऊन आले. हा हिशेब म्हणजे एक रंगीत पत्रक. एका अंगास ‘केलेलीं कामें’, दुसऱ्या अंगास ‘पुढील संकल्प’. आमच्या पुष्कळ वाचकांनीं तें वाचून चुलींत घातलें असेल. ज्यांच्यापाशीं तें अजून शाबूत असेल त्यांनीं जपून ठेवावें. त्याविषयींच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

मळ्यास पाणी पाजणारा गडी पाटावर राबल्याची मजुरी मागतो, पाऊस पडला त्याची मागत नाहीं. निवडणुकीच्या पत्रकांत मात्र पाऊस आणि पाट एकाच खातीं जमा होतात. काळम्मावाडीच्या थेट पाण्याचेंच पाहा. दुधगंगेच्या धरणापासून शहरापर्यंत सुमारे ५३ किलोमीटर नळ घालण्याची ही योजना २०१३ च्या अखेरीस मंजूर झाली व पाणी नोव्हेंबर २०२३ मध्यें पोहोंचलें. पैसा मुख्यत्वें केंद्र व राज्य सरकारचा. पाणी आलें त्या दिवशीं पालिकेच्या सभागृहांत लोकनियुक्त सभासद एकही नव्हता! तेव्हां ज्या कोणी त्या पाण्याचें श्रेय आपल्या पत्रकांत मांडलें असेल, त्यास इतकेंच विचारावें कीं, बाबा, धरणाचें राहूं दे. धरणापासून शहरापर्यंत आलेलें पाणी आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळापर्यंत नेण्यासाठीं तूं काय केलेंस? याचें उत्तर ज्याच्यापाशीं आहे तो खरा काम करणारा, मग त्याचा पक्ष कोणताही असो.

नळ, गटार, दिवा, शाळा, दवाखाना हीं कामें नगरसेवकाच्या पदराचीं खरीं. तीं ज्यानें नेटानें केलीं त्यास शाबासकी देण्यास आम्ही कधींच मागें राहणार नाहीं. परंतु त्याचें दुसरें एक काम आहे आणि तें पत्रकांत सहसा छापून येत नाहीं. सभागृहांत करवाढीच्या, ठेक्याच्या, जागेच्या ठरावावर हात वर करणें, हें तें काम होय. गल्लींतलें गटार पांच वर्षांत फुटतें. सभागृहांतला ठराव तीस वर्षें पुरतो. कोल्हापूरकरांस हें शिकवावयास नको. रस्त्यांच्या टोलच्या करारांत पालिका स्वतः एक पक्ष होती. सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा खर्च आणि तीस वर्षें टोल, असा तो सौदा. पुढें सारें शहर रस्त्यावर उतरलें तेव्हां कोठें २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. कराराचा कागद सभागृहांत फिरत होता तेव्हां किती जणांनीं तो वाचला होता, हें आजवर कोणत्याही पत्रकांत आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

महापौरपदाचीही तीच तऱ्हा. अडीच वर्षांच्या मुदतीचें पद कांहीं कांहीं महिन्यांच्या वांटण्या पाडून फिरवण्याची चाल येथें पडली. वाट्याच्या म्हशीचें दूध सारे काढतात, वैरण कोणी घालीत नाहीं.

आतां पुराचा प्रश्न, कारण तो आमच्या वाचकांच्या चुलीपर्यंत येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. २०१९ सालीं गणेशचतुर्थी अवघ्या चार आठवड्यांवर आली असतां शाहूपुरींतील कुंभार गल्ली व बापट कँप येथें सहा महिन्यांची मेहनत चिखल होऊन बसली. कर्जानें आणलेला माल, रंगास टेंकलेल्या मूर्ती, सारें पाण्यांत. पाऊस कोणी अडवूं शकत नाहीं, हें कबूल. परंतु नदीच्या पसरण्याच्या जागेंत भराव टाकून इमारती उठल्या, त्या पावसानें बांधल्या नाहींत. परवाने अधिकारी देतात, असें उत्तर मिळेल. तें अर्धेंच खरें. विकास आराखडा व आरक्षणें बदलण्याचे ठराव सभागृहापुढें येतात. म्हणून पुन्हां मत मागणाऱ्यास पहिला प्रश्न हाच हवा होता : पूररेषेंतील जागेचा ठराव आला तेव्हां तुझा हात वर होता कीं खालीं? मदतीचीं पाकिटें वांटतांनाचीं छायाचित्रें आम्हांस पुष्कळांनीं दाखविलीं; हें कोणी सांगितलें नाहीं.

या खेपेपासून एक नवी अडचण आली आहे. २०१५ सालीं शहरांत ८१ प्रभाग होते व एका प्रभागास एक नगरसेवक होता. आतां सभासद ८१ च, पण प्रभाग २०. एकोणीस प्रभागांत चार-चार व एकांत पांच. गटार तुंबलें तर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवितील, साफ झालें तर चौघांचेही फलक लागतील! यावर तोड एकच. तक्रार लेखी द्यावी, चौघांच्याही नांवें द्यावी, आणि पोंच घ्यावी. प्रभागांतील मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ सालींच कायद्यांत झाली आहे. ती सभा मागण्याचा हक्क पांच वर्षें पेटींत ठेवण्याचा नव्हे.

शहराबाहेरचे आमचे शेतकरी बंधू म्हणतील, आम्हांस तेथें मतच नाहीं. खरें आहे. १९७२ सालीं महानगरपालिका झाली, तरी हद्द जुनीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर, राहिली; आणि हद्दवाढीचें नांव निघतांच भोंवतालचीं गांवें बंद पुकारतात. घरपट्टी वाढेल व जमिनीवर आरक्षण पडेल ही त्यांची धास्ती आम्ही पोकळ मानीत नाहीं. परंतु जयंती नाल्यानें नदींत जाणारी शहराची घाण हद्द ओळखीत नाहीं. तें पाणी खालच्या गांवांच्या जनावरांसमोर जातें. ज्या उमेदवाराच्या संकल्पांत हा नाला आहे त्यास शहरांतील आपल्या सोयऱ्याधायऱ्यांकडून जाब विचारतां येतो. भाजी घेऊन बाजारीं येणाऱ्या बायकांस बसावयाची जागा, पाणी व शौचकूप कोणत्या पत्रकांत लिहिलें आहे, हेंही पाहावें.

कुंभार गल्लींत मूर्तींचें काम उन्हाळ्यांतच सुरू होतें. पूर चढण्याआधीं त्या हलविण्यास उंचावरची कोणती जागा पालिका देणार, हें मे महिन्याच्या आंत चारही नगरसेवकांकडून लिहून घ्यावें. जुलैंत विचारून उपयोग नाहीं.